घोड्यांच्या ट्रेलरची रुंदी: आत राहायचं असेल तर आधी काय मोजावं

डॅलसच्या उत्तरेला, ऑब्री आणि पायलट पॉइंटच्या आसपास, पाच-दहा एकर घेऊन राहणारी मराठी मंडळी आता मधूनमधून भेटतात. आधी मुलगी रायडिंग शिकते, मग तिच्यासाठी एक घोडी येते, घोडीला एकटं करमत नाही म्हणून दुसरा घोडा येतो. मग शो असो की ट्रेल, माणसांचं हॉटेल एकीकडे आणि घोडे दुसरीकडे ही धावपळ नकोशी होते. अशा वेळी मला फोन येतो, "ताई, लिव्हिंग क्वार्टर्सवाला, म्हणजे पुढे माणसांना राहायची सोय असलेला ट्रेलर बघतोय. सात फुटी घेऊ की आठ फुटी?"

मी विचारते, "तुमचा घोडा किती लांब आहे?"

उत्तर बहुतेक वेळा उंचीचं मिळतं: पंधरा हँड, सोळा हँड (एक हँड म्हणजे ४ इंच). उंचीवरून ट्रेलरचं छत किती उंच हवं ते ठरतं. रुंदी ठरते ती घोड्याच्या लांबीवरून, आणि ती लांबी कुणी मोजलेली नसते. किचनमध्ये कोरियन (Corian) या कृत्रिम दगडाचा ओटा आहे का, सोफ्याचा पलंग होतो का, टीव्ही कुठे लावायचा, हे सगळं विचारून झालेलं असतं. म्हणून हा लेख उलट क्रमाने लिहितेय: आधी घोडा, मग चाकं, मग रस्ता, मग ट्रक, आणि शेवटी आपला पलंग.

माझं बालपण शहादा तालुक्यात गेलं. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडे उतरवताना वडील आधी पायांकडे बघायचे: कुठला पाय थरथरतोय, कुठला घोडा मागच्या पायावर भार द्यायला नको म्हणतोय. प्रवासात जागा कमी पडली की ती आधी घोड्याच्या पायांत दिसते. टेक्सासातही ते खरं आहे. फरक एवढाच की इथे ट्रेलर आपण पैसे मोजून निवडतो, म्हणजे ती जागा देणं आपल्या हातात असतं.

एकाच ट्रेलरच्या तीन रुंद्या

डीलर "सेव्हन वाइड" किंवा "एट वाइड" म्हणतो तेव्हा तो डब्याची बाहेरची रुंदी सांगत असतो. बाजारात ६ फूट, ६ फूट ९ इंच, ७ फूट, साडेसात, ८ आणि साडेआठ फूट अशी मापं दिसतात. राहायची सोय असलेले बहुतेक ट्रेलर ७ ते ८ फुटांच्या दरम्यान असतात.

दुसरी रुंदी आतली. बाहेरचं कवच, आतलं अस्तर, मधलं इन्सुलेशन आणि घोड्यांच्या बाजूला रबराचं पॅडिंग मिळून दोन्ही भिंती साधारण ४ इंच खातात. म्हणजे ८ फुटी डब्यात, ९६ इंचांपैकी, आपल्याला ९२ मिळतात. ७ फुटीत ८४ पैकी ८०. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, तेव्हा डीलरच्या आवारात जाताना स्वतःचा टेप न्या आणि घोड्याच्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या भागाच्या उंचीवर, रबरापासून रबरापर्यंत मोजा.

तिसरी रुंदी रस्त्यावरची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहे. ७ फुटी ट्रेलरची चाकं डब्याच्या बाहेर असतात आणि त्यांच्यावर फेंडर असतात. फेंडरपासून फेंडरपर्यंत मोजलंत तर माप आठ ते साडेआठ फुटांच्या घरात जातं. म्हणजे "सात फुटी घेतला, गल्लीत सहज जाईल" हे चाकांच्या जागी खरं नसतं. टेप लावा, खात्री पटेल.

घोडा मोजणं

लिव्हिंग क्वार्टर्सच्या ट्रेलरमध्ये घोडे बहुधा स्लँट पद्धतीने उभे करतात: तिरके, मध्ये पार्टिशन, डोकं ड्रायव्हरच्या बाजूला आणि पुठ्ठे रस्त्याच्या कडेला. त्यामुळे घोड्याला मिळणारी लांबी ट्रेलरच्या लांबीतून येत नाही, रुंदीतून येते. ट्रेलर कितीही लांब घ्या, स्टॉलची (एका घोड्याच्या खणाची) लांबी वाढत नाही. फक्त स्टॉलची संख्या वाढते किंवा तुमची बैठकीची खोली वाढते. ट्रेलर निवडताना दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

किती लांबी मिळते याचा हिशेब अवघड नाही. घोडा भिंतीशी ५० अंशांच्या कोनात उभा आहे आणि अंगाने २६ इंच रुंद आहे असं धरलं, तर आतली रुंदी इंचात घ्या, तिला १.३ ने गुणा आणि २२ वजा करा. ते २२ इंच म्हणजे तिरकं उभं राहिल्यामुळे कोपऱ्यांत वाया जाणारी जागा.

६ फुटी ट्रेलरची आतली रुंदी ६८ इंच: हिशेबाने ६६ इंच लांबी मिळते. ७ फुटीत ८० इंच आत, म्हणजे ८२. साडेसात फुटीत ८६ आत, म्हणजे ९०. ८ फुटीत ९२ आत, म्हणजे ९८ इंच. डोकं अंगापेक्षा अरुंद असतं, ते कोपऱ्यात थोडं पुढे जातं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त जागा मिळते. पण ती जास्तीची जागा मी मोजत नाही, घोड्यासाठी सोडते. कोन कंपनीनुसार बदलतो. तो बदलला की आकडेही बदलतात, पण डबा एक फुटाने रुंद झाला की स्टॉल साधारण १४ ते १७ इंचांनी लांब होतो, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आता घोड्याची लांबी. माझी घोडी बिजली, क्वार्टर हॉर्स, उंची १४.३ हँड. टिंबानंतरचा आकडा म्हणजे सुटे इंच, म्हणून ती ५९ इंच उंच. मान नेहमीसारखी ठेवून उभी राहिली की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ८२ इंच भरते. तिचा जोडीदार राजा, थरोब्रेड, १६.२ हँड, तसाच उभा राहिला की ९५ इंच. बिजलीला ७ फुटी ट्रेलर बेताचा का होईना पुरतो. राजाला साडेसात फुटीही कमी पडतो, त्याला ८ फुटीच हवा.

मोजायची माझी पद्धत सांगते, कारण नुसता टेप घोड्यावर धरून नीट माप येत नाही. घोडा मान वळवून टेपच हुंगतो. आमच्या तबेल्याचा मधला रस्ता १२ फुटी, खाली काँक्रीट. तिथे चुन्याच्या दोन समांतर रेषा मारते, त्यांच्यातलं अंतर म्हणजे ज्या ट्रेलरचा विचार चाललाय त्याची आतली रुंदी. मग तिसरी रेषा तिरकी: आडवं १२ इंच जायचं, तेवढ्यात पुढे १० इंच सरकायचं, आणि हे टोकापर्यंत करत न्यायचं. झाला ५० अंशांचा कोन. घोड्याला नुसत्या हॉल्टरवर (मोरकीवर) आणते आणि त्या तिरक्या रेषेवर उभं करते, शेपूट मागच्या रेषेला टेकेल असं. आता समोरून बघा. नाक पुढच्या रेषेच्या किती आत आहे? मग जमिनीवर गाजराचा तुकडा ठेवा. तो खायला मान खाली घालताना घोडा पुढचा एक पाय किंचित पुढे टाकतो आणि मागे जरा बसतो. तो पाय आणि ते पुठ्ठे अजून रेषांच्या आत आहेत का, ते बघायचं. आत असतील तर ती रुंदी त्या घोड्याला चालते. मागचा खूर रेषेबाहेर गेला तर ट्रेलरमध्ये तिथे भिंत असेल हे लक्षात घ्या.

मान खाली घालता येण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. श्वासनलिकेत गेलेली धूळ, गवताचे कण, चिकट स्राव हे बाहेर काढायला घोड्याला मान खाली घालावी लागते. तासन्‌तास डोकं वर बांधलेलं राहिलं की ती घाण खाली फुफ्फुसांकडे जाते आणि लांबच्या प्रवासानंतर घोडा तापाने पडतो. इथे त्याला शिपिंग फीव्हर म्हणतात. तो वाढून फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचला तर घोडा गमावायची वेळ येते. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवणं आणि मान मोकळी करू देणं हे तर करायचंच, पण मधल्या तासांत घोड्याला स्टॉलमध्येच मान खाली नेता आली पाहिजे. लांबी नसेल तर ती नेता येत नाही.

याच कारणाने अरुंद ट्रेलरमधली गव्हाण मला पटत नाही. गव्हाणीखाली सामानाची कपाटं मिळतात, डीलर तीच आधी उघडून दाखवतो. पण ७ फुटी ट्रेलरमध्ये ती गव्हाण घोड्याच्या छातीपुढची आणि पुढच्या पायांची जागा घेते आणि मान खाली जायचा मार्गच बंद करते. गवताची जाळी टांगा, पुरते. घोडा १५ हँडच्या खालचा असेल आणि प्रवास तास-दोन तासांचे असतील तर गव्हाण ठेवायला हरकत नाही.

चाकं आत की बाहेर

८ फुटी ट्रेलरचा मोठा फायदा आत्ताच सांगितला. त्याची अडचण चाकांपाशी आहे. डबा एवढा रुंद झाला की चाकं बाहेर ठेवायला कायद्याची जागा उरत नाही, ती डब्याखाली जातात. मग दोनपैकी एक होतं. एक तर फरशी चाकांच्या वर उचलावी लागते, म्हणजे घोड्याला जास्त उंच पाऊल टाकून चढावं लागतं. नाहीतर चाकांचे चौकोनी खोके स्टॉलच्या आत येतात. २३५ मिलिमीटरचं नेहमीचं टायर सव्वानऊ इंच रुंद असतं. त्याला फिरायला मोकळीक धरली की खोका आत दहा-बारा इंच येतो.

डोक्याच्या बाजूचा खोका फारसा नडत नाही. पुठ्ठ्याच्या बाजूचा नडतो, कारण तिथे मागचे पाय टेकायचे असतात. हिशेबातले ९८ इंच त्या स्टॉलमध्ये जमिनीजवळ मिळत नाहीत. म्हणून ८ फुटी बघायला गेलात की प्रत्येक स्टॉलमध्ये स्वतः उभे राहा आणि खोका नेमका कुठल्या स्टॉलमध्ये येतो ते बघा. तीन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये तो बहुधा एक-दोन स्टॉलमध्येच येतो; तिथे लहान घोडा उभा करायचा आणि मोठ्याला मोकळा स्टॉल द्यायचा, एवढी सोय होत असेल तर प्रश्न मिटला. खोक्याला धारदार कडा नको, त्यावर रबर हवं, आणि वरचा भाग उतरता हवा, म्हणजे खूर त्यावर टेकून अडकणार नाही.

मागच्या दाराची रुंदीही आत्ताच बघून घ्या. मागच्या कोपऱ्यात खोगिरांचं कायमचं कपाट असेल तर दार निम्मं होतं, आणि ७ फुटीत ते निम्मं दार फारच अरुंद वाटतं, घोड्याला आणि तुम्हालाही. दुमडून भिंतीला लागणारं कपाट घ्या. खोगिरं पुढच्या बाजूला, लिव्हिंग क्वार्टर्स आणि स्टॉलच्या मधल्या खोलीत ठेवता आली तर आणखी चांगलं.

रस्ता आणि कायदा

अमेरिकेत १९५६ पासून इंटरस्टेटवर (आंतरराज्य महामार्गांवर) वाहनाची कमाल रुंदी ९६ इंच धरली जायची. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने ती राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट केली. आज ८ फुटी ट्रेलर सगळीकडे दिसतात त्याचं एक मोठं कारण हे. टेक्सासात १०२ इंच चालतात. पण सगळ्या राज्यांत सगळ्या रस्त्यांवर तोच नियम नाही. पूर्वेकडच्या काही राज्यांत महामार्ग सोडून आत शिरलात की मर्यादा ९६ वर येते. लांबच्या शोला जाणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या परिवहन खात्याचा नियम आधी वाचा.

महामार्गाची लेन १२ फुटांची असते. साडेआठ फुटी गाडी मधोमध चालवली तर दोन्ही बाजूंना २१ इंच उरतात, आणि तेवढे पुरतात. काउंटी रोडवर लेन १० फुटांची झाली की ९ इंच उरतात. हे ९ इंच सात फुटीलाही लागू आहेत, कारण फेंडर तेवढेच बाहेर असतात. पण फेंडर खाली असतो, आरशात दिसतो, आणि त्याच्या वर दोन्ही बाजूंना मोकळी हवा असते. ८ फुटीची भिंत जमिनीपासून छतापर्यंत सरळ बाहेर असते. टपालपेटी इथल्या नियमाने जमिनीपासून ४१ ते ४५ इंचांवर बसवतात. सात फुटीत ती फेंडरच्या वरून सुटते, आठ फुटीत थेट भिंतीला लागते. झाडांच्या फांद्यांचंही तेच. आम्ही डिकेटरजवळच्या एलबीजे नॅशनल ग्रासलँड्समध्ये घोडे घेऊन जातो. तिथल्या खडीच्या रस्त्यांवर पोस्ट ओकच्या फांद्या दोन्हीकडून आत येतात. अरुंद डब्याच्या खिडक्या आणि ऑनिंग (बाजूला गुंडाळलेलं कापडी छप्पर) तिथून धड बाहेर येतात, रुंद डब्याच्या भिंतीवर ओरखडे उठतात.

म्हणून तुम्ही जाता कुठे हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. फोर्ट वर्थचं विल रॉजर्स मेमोरियल सेंटर, ओकालाचं वर्ल्ड इक्वेस्ट्रियन सेंटर, लेक्सिंग्टनचा केंटकी हॉर्स पार्क अशा ठिकाणी मोठ्या ट्रेलरांची सोय असते, तिथे आठ फुटीने काही बिघडत नाही. बँडेराजवळच्या हिल कंट्री स्टेट नॅचरल एरियासारख्या जागी घोड्यांसकट मुक्काम करायचा असेल, किंवा एन्ड्युरन्स राइडसाठी (लांब पल्ल्याच्या घोडदौडीसाठी) रानातल्या बेस कॅम्पवर उभं राहायचं असेल, तर प्रत्येक इंच जाणवतो. घरच्या फाटकाचंही माप घ्या. १२ फुटी फाटकातून सरळ जाणं सोपं, पण रस्ता सोडून वळून आत शिरताना गूजनेक ट्रेलरची (ज्याचं पुढचं नाक ट्रकच्या मागच्या हौद्यावर येऊन तिथेच जोडलं जातं) मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात आणि फाटकाचा खांब नेमका त्यांच्या वाटेत येतो. १६ फुटी फाटक बसवायला होणारा खर्च ट्रेलरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी आहे.

वाऱ्याबद्दल लोक एक गोष्ट ठामपणे सांगतात: रुंद ट्रेलर वाऱ्याने जास्त हलतो. पण आडवा वारा लागतो तो बाजूच्या भिंतीला, आणि ती भिंत लांबी-उंचीने ठरते. रुंदीने वाढतो तो समोरचा विरोध. सातावरून आठ फुटांवर गेलात तर समोरचा पृष्ठभाग सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो आणि डिझेल त्या बाजूने जास्त जातं. पॅनहँडलकडे आय-४० वर समोरून वारा असला की पंपावर तो फरक दिसतो.

ट्रक, वजन, परवाना

मागे साधी दोन चाकं असलेला पूर्ण आकाराचा ट्रक आरसे सोडून साधारण ८० इंच रुंद असतो. त्याच्यामागे ९६ इंचांचा डबा लावला की तो दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर डोकावतो. टोइंगचे लांब आरसे नसतील तर मागचं काहीही दिसणार नाही. ड्युअली ट्रक, मागे चार चाकांचा, फेंडरपाशी सुमारे ९६ इंच असतो. त्याला ८ फुटी डबा शोभतो आणि तो डबा पेलण्याची ताकदही त्याच्यात असते. खरेदीआधी ट्रक-ट्रेलर जोडून स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि घरच्या माणसाला ट्रेलरच्या मागच्या एका कोपऱ्याशी, मग दुसऱ्या कोपऱ्याशी उभं करा. दोन्ही वेळा तो आरशात दिसला पाहिजे.

रुंदी वाढली की फरशी, छत, ओटा, कपाटं सगळंच वाढतं आणि वजन चढतं. गूजनेकच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या मागच्या भागावर येतो, तेव्हा ट्रकचा पेलोड, म्हणजे तो स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो ते बघा, नुसती ओढण्याची क्षमता बघून निर्णय घेऊ नका. परवान्याचा मुद्दाही इथेच येतो. टेक्सासात ट्रक आणि ट्रेलर दोघांच्या कमाल वजनाची बेरीज २६,००० पौंडांच्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा असला, तर घरगुती वापरासाठीही क्लास ए परवाना लागतो. ७ फुटीच्या जोडीला पुष्कळदा या आकड्याच्या आत राहता येतं, ८ फुटी आणि ड्युअली झाली की बहुधा राहता येत नाही. ट्रेलरचं कमाल वजन डाव्या बाजूला पुढच्या भागात चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं. डीलरच्या तोंडचा आकडा न घेता ती पट्टी वाचा.

आता आपलं घर

पलंग गूजनेकच्या नाकात, ट्रकच्या वर असतो. तो आडवा लावला तर झोपणाऱ्याला मिळणारी लांबी म्हणजे डब्याची आतली रुंदी. ६ फुटी ट्रेलरमध्ये ६८ इंच, म्हणजे ५ फूट ८ इंच. घरात कुणी त्याहून उंच असेल तर रात्रभर गुडघे दुमडून झोपणार. ७ फुटीत ८० इंच, ज्यात ६० बाय ८० ची क्वीन गादी जेमतेम बसते आणि चादर खोचायला बोट जात नाही. ८ फुटीत गादी बसून कडेला चष्मा आणि फोन ठेवण्यापुरती फळी उरते. नुसत्या पलंगासाठी आठ फुटी घेऊ नये असं माझं मत आहे; गादी ट्रेलरच्या लांबीच्या दिशेनेही लावता येते.

खरा फरक मधल्या वाटेत पडतो. ओटा २२ इंच खोल, समोरचा सोफा किंवा टेबल-बाक ३० इंच, मिळून ५२. आठ फुटीत मध्ये ४० इंच उरतात, सात फुटीत २८, सहा फुटीत १६. अठ्ठावीस इंचांत एक माणूस नीट वावरतो. मी ओट्याशी पोळ्या लाटत असेन आणि नवऱ्याला बाथरूमकडे जायचं असेल तर तो सोफ्यावर बसतो आणि मी पुढे सरकले की उठतो. दोघांची सवय झाली की त्याचं काही वाटत नाही. दोन मुलं, एक कुत्रा आणि पावसात भिजलेली खोगिराखालची घोंगडी सोबत असली की मात्र ४० इंचच हवेत.

सोफा आखूड करून किंवा समोर फक्त दोन खुर्च्यांचं टेबल ठेवून सात फुटीतही मोकळी वाट मिळवता येते, आणि माझ्या मते दोघांच्या कुटुंबाने तेच करावं. स्लाइड-आउट, म्हणजे उभं असताना भिंतीचा भाग बाहेर सरकवून जागा वाढवणं, हा दुसरा मार्ग. तो उभ्या ट्रेलरला छान बैठक देतो, पण त्याची मोटर, रूळ आणि रबरी कडा यांचं काही शेकडा पौंड वजन कायम सोबत वाहावं लागतं, आणि धूळ-पावसात त्याच्या कडा सांभाळाव्या लागतात. शोच्या मैदानात तीन-चार दिवस मुक्काम असेल तर त्याचं चीज होतं. एका रात्रीच्या मुक्कामाला मी तो उघडतही नाही.

बाथरूम बहुधा स्टॉलच्या भिंतीला लागून असतं. ती भिंत घोड्यांसारखीच तिरकी असेल तर तिथे एक त्रिकोणी कोपरा तयार होतो, आणि डबा जितका रुंद तितका तो कोपरा मोठा. शॉवरमध्ये उभे राहा, दोन्ही कोपर बाहेर काढून डोक्याला तेल लावल्यासारखे हात फिरवा. कोपर भिंतीला आपटत असतील तर पुढच्या मॉडेलकडे वळा.

कुणी कुठली घ्यावी

घोडे १५ हँडच्या आसपास, माणसं दोन, जाणं रानातल्या कॅम्पांवर: ७ फुटी घ्या, गव्हाणीशिवाय, आणि वाचलेल्या पैशांत चांगले ब्रेक आणि टायर घ्या. अरेबियन, मोर्गन, लहान चणीचे क्वार्टर हॉर्स यांना तो पुरतो.

एकही घोडा १६ हँडच्या वर असेल तर मी सात फुटीचं नाव काढत नाही. ८ फुटी बघा, चाकांचे खोके नीट तपासा, आणि ट्रक त्याला साजेसा नसेल तर ट्रेलरची खरेदी लांबणीवर टाका. थरोब्रेड आणि वॉर्मब्लड बाळगणाऱ्या लोकांना हे मी दर वेळी सांगते: त्या घोड्याची रोजची देखभाल तुम्ही करता, मग त्याला प्रवासात आखडून उभं करू नका.

साडेसात फुटी मधल्या उंचीच्या, साधारण १५.२ हँडच्या घोड्यांसाठी. रस्त्यावर तो सात फुटीइतकीच जागा घेतो, स्टॉलमध्ये आठ इंच जास्त देतो आणि मधल्या वाटेला ३४ इंच ठेवतो. डीलरच्या आवारात तो कमी दिसतो, मागवावा लागतो. ओक्लाहोमात अशा ट्रेलरांचे बरेच कारखाने आहेत, चिकाशाचं सिमॅरॉन, ओक्लाहोमा सिटीचं फोर स्टार ही त्यांतली ठळक नावं; उत्तर टेक्सासातून हाकेच्या अंतरावर. वाट बघायची तयारी असेल तर मागवताना स्टॉलचा कोन आणि चाकांच्या खोक्यांची जागा कागदावर काढून घ्या.

साडेआठ फुटी डबा चार-पाच घोडे, व्यवसाय आणि सराईत ड्रायव्हर असलेल्यांनीच घ्यावा.

जुना ट्रेलर घेत असाल तर घोडा सोबत न्यायची परवानगी आधी मागा. विकणारा प्रामाणिक असेल तर तो नाही म्हणत नाही. घोडा चढवा, पार्टिशन लावा, दहा मिनिटं तसाच उभा ठेवा आणि बाहेरून खिडकी उघडून बघा. शेपटीचे केस भिंतीला घासून वर गेलेत का? मागचे दोन्ही खूर सपाट टेकलेत का, की एक टोकावर आहे? जाळीतलं गवत ओढताना मान मोकळी हलतेय का? मग दोर सैल करा, खाली मूठभर अल्फाल्फा (लसूणघास) ठेवा आणि तो खातो का बघा. नाक फरशीपर्यंत गेलं आणि घोडा निवांत चघळू लागला, की मगच किमतीचं बोलणं सुरू करा.